'निम्मं-निम्मं' या कलमापासून सावध

परदेशी कंपनीबरोबर संशोधन करार लिहिताना 'जे पेटंट निघेल ते दोघांचं, निम्मं-निम्मं' हे वाक्य दोन्ही बाजूंना चटकन पटतं. विद्यापीठाने ते शक्यतो मान्य करू नये.

संयुक्त मालकीचा अर्थ देशागणिक बदलतो. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर अमेरिकेत सहमालक दुसऱ्याला न विचारता माल बनवू शकतो, विकू शकतो आणि त्यातला हिस्साही देणं लागत नाही. भारतात आणि ब्रिटनमध्ये स्वतः वापरायला मोकळीक आहे, पण तिसऱ्याला परवाना द्यायचा तर दुसऱ्या सहमालकाची संमती हवी. विद्यापीठ कारखाना चालवत नाही, त्याची मिळकत परवान्यातूनच येते. म्हणजे कंपनी माल बनवून विकत राहते आणि विद्यापीठ मात्र तिच्याच संमतीसाठी अडकून पडतं.

त्यापेक्षा मालक एकच ठेवा. मालकी विद्यापीठाकडे असेल तर कंपनीला ठरावीक क्षेत्रापुरता एकाधिकार परवाना द्या, आणि ते क्षेत्र नेमकं लिहा. गाळण्याचा नवा पडदा तयार केला आणि कंपनी पाणी शुद्ध करण्याच्या व्यवसायात असेल, तर डायलिसिसमधला वापर तिला देण्याचं कारण नाही. मालकी कंपनीकडे जाणार असेल तर तीन गोष्टी सोडू नका: अध्यापन आणि संशोधनासाठी वापरण्याचा कायमचा हक्क, पेटंटचा सगळा खर्च कंपनीकडे, आणि समजा तीन वर्षांत वापर सुरू झाला नाही तर हक्क परत.

हे सगळं प्रकल्पाच्या स्वतंत्र करारात येतं, सामंजस्य करारात नाही. सामंजस्य करारात एकत्र काम करण्याची इच्छा असते. कोणी, काय, कधीपर्यंत आणि कोणाच्या पैशाने, हे नसतं. अनेक भागीदाऱ्या याच टप्प्यावर थंडावतात.

करारावर सही होण्याआधी दोन्ही बाजूंनी 'आधीपासून आमचं काय आहे' याची यादी जोडपत्रात द्यावी. त्यात पेटंटं तर असतातच, पण सॉफ्टवेअर, माहितीसंच, जिवाणूंचे वाण, प्रयोगांच्या अप्रकाशित कृतीसुद्धा तारखेसह लिहा. यादी नसेल तर दोन वर्षांनी कोणती कल्पना प्रकल्पाआधीची हे सिद्ध करता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचा कोड असेल तर तेही आधीच सांगा. तो कंपनीच्या उत्पादनात मिसळून वितरित झाला तर त्या उत्पादनाचा मूळ कोडही खुला करण्याची जबाबदारी येऊ शकते.

संशोधक दोन देशांत असतील तर अर्ज आधी कुठे करायचा हेही ठरवावं लागतं. भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात थेट अर्ज करता येत नाही. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत लागलेल्या शोधाला तिथलीही अशीच परवानगी लागते. एकाच शोधाला दोन्ही नियम लागू झाले तर क्रम आधी जुळवा, मग मसुदा करा. पहिल्या अर्जानंतर औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारानुसार १२ महिन्यांत इतर देशांत किंवा पीसीटीमार्फत, म्हणजे अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करून, जाता येतं. पीसीटी घेतलं तर बहुतेक देशांत प्रवेशासाठी पहिल्या अर्जापासून ३० महिने मिळतात.

प्रकाशनाचं कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात विद्यार्थ्याची पदवी अडकते. कंपनीला मसुदा वाचायला ३० दिवस द्या. पेटंटसाठी थांबवायचं असेल तर आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत धरली जाईल, असंही स्पष्ट लिहा. कंपनीला स्वतःची गोपनीय माहिती काढायला सांगता यावी, निष्कर्ष काढायला नाही. उलट बाजूने विद्यापीठानेही शिस्त पाळायला हवी. युरोपात अर्जाआधी काहीही जाहीर झालं तर नावीन्य जातं. अमेरिकेसारखी वर्षभराची सवलत तिथे नाही. परिषदेतलं पोस्टर, खुली मौखिक परीक्षा, ग्रंथालयात चढवलेला प्रबंध, हे सगळं जाहीर करणंच आहे.

पीएचडीचा विद्यार्थी अनेक ठिकाणी विद्यापीठाचा नोकर नसतो. त्यामुळे त्याने लावलेला शोध आपोआप विद्यापीठाचा होत नाही आणि विद्यापीठाने कंपनीला दिलेलं वचन पोकळ ठरतं. विद्यार्थी प्रकल्पात येतानाच त्याला सगळं समजावून वेगळं हस्तांतरणपत्र करा. त्यात मिळकतीतला त्याचा वाटाही लिहिलेला असावा.

प्रयोगाचे नमुने भागीदाराला पाठवायला साहित्य हस्तांतरण करार लागतो. जैविक साधनं असतील तर ती मिळवण्याचे आणि त्यांचा लाभ वाटून घेण्याचे नियम घालणारा, २०१४ पासून लागू असलेला नागोया प्रोटोकॉलही पाहावा लागतो. गोठवलेले नमुने सोमवारी किंवा मंगळवारी रवाना करा. साधारण खोक्यातून दिवसाला दोन ते चार किलो ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उडून जातो. शुक्रवारी निघालेलं खोकं शनिवार-रविवार सीमाशुल्कात अडकलं की आतला माल वितळतो. दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, वापराच्या तंत्रज्ञानात तर ईमेलने पाठवलेला आराखडाही निर्यात ठरू शकतो.

पैशांचे हप्ते निष्कर्षाशी नव्हे, अहवालाशी बांधा, कारण प्रयोग फसला तरी पगार द्यावेच लागतात. रक्कम करकपातीनंतरची की आधीची आणि विनिमय दराचा फरक कोण सोसणार, हे लिहून घ्या. ओव्हरहेड, म्हणजे वीज, इमारत, प्रशासन असा अप्रत्यक्ष खर्च, शून्यावर आणू नका. होरायझन युरोप हा युरोपीय संघाचा संशोधन निधी कार्यक्रमसुद्धा त्यासाठी बहुतेक थेट खर्चावर सरसकट २५ टक्के देतो.

वादासाठी तटस्थ ठिकाणचा लवाद धरावा. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे त्याचा निवाडा बहुतेक देशांत अमलात आणता येतो.

आणि बाहेर पडण्याचं कलम नीट वाचा. भागीदार कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली की संशोधनाचे अग्रक्रम बदलतात आणि प्रकल्प मध्येच बंद पडतो. तेव्हा किमान ९० दिवसांची सूचना, तोवर झालेल्या आणि रद्द न करता येणाऱ्या खर्चाची भरपाई, आणि प्रकल्पावरच्या विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती त्याच्या नोंदणीची मुदत संपेपर्यंत कंपनीनेच द्यायची, हे तिन्ही आकड्यांसह लिहिलेलं असावं.