तुम्ही विचारलंत म्हणून: गल्ल्यामागचा नारंगी मफलर

आमचं दुकान पुण्यात, अप्पा बळवंत चौकात आहे. क्रमिक पुस्तकं, गाइडं, वह्या, प्रश्नसंच. गल्ल्यामागच्या भिंतीवर वर गणपती, त्याखाली वडिलांचा फोटो आणि त्याखाली खिळ्याला अडकवलेला एक नारंगी मफलर. गणपतीबद्दल कुणी विचारत नाही. वडिलांबद्दल जुनी गिऱ्हाइकं विचारतात. मफलरबद्दल मात्र दिवसाआड कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा पाठीला सॅक लावलेला एखादा मुलगा. ‘काका, एफसी पुणे सिटी? ही फुटबॉलची टीम अजून आहे?’ नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग आता तुम्ही कोणाचे?’

सातवीची भूमिती काढून देता देता याचं उत्तर देता येत नाही. मी हसतो आणि सुटे परत करतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सांगून टाकतो.

मुळात मी क्रिकेटवाला. फुटबॉल घरात आणला तो कोल्हापूरच्या भाच्याने. २०१७ साली इंजिनिअरिंगला म्हणून आमच्याकडे राहायला आला. त्याचं अख्खं घर पाटाकडील तालमीचं. तालीम म्हणजे तिथल्या पेठेचा आखाडा आणि मंडळ. कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा मामला असतो, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... शाहू स्टेडियमवर यांची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. तिथं ‘तुम्ही कोणाचे’ असं विचारायची वेळच येत नाही. तुम्ही राहता कुठे, यावरून ते आधीच ठरलेलं असतं. भाचा पुण्यात आला, चार दिवस हिंडला आणि म्हणाला, ‘मामा, तुमच्याकडं पेठा ढिगानं हायत, पर पेठंची टीम एक न्हाई. ह्याला काय अर्थ हाय?’

मला राग आला. पुणेकराला बाहेरच्याने काही कमी आहे म्हटलं की येतो तसा. म्हटलं, टीम आहे, बालेवाडीला आहे, चल दाखवतो. तोवर मी स्वतः एकही मॅच पाहिलेली नव्हती.

टीम होती, आणि तिची तोपर्यंत मोठ्या नावाची माणसं आणूनही झाली होती. इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची देशभरची लीग २०१४ ला सुरू झाली तेव्हा आठ शहरांत पुणे होतं. पहिल्या वर्षी डाव्हिड त्रेझेगे इथे खेळला, फ्रान्सचा विश्वविजेता. दुसऱ्या वर्षी रुमानियाचा मुतू खेळाडू आणि इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक. आठ संघांत पुण्याचे नंबर पहिल्या तीन वर्षांत अनुक्रमे सहावा, सातवा, सहावा. म्हणजे लग्नात बँड झकास, जेवण सुमार.

२०१७-१८ च्या सीझनला संघ दहा झाले आणि सामने नोव्हेंबर ते मार्च असे पसरले. ही गोष्ट माझ्या दृष्टीने त्रेझेगेपेक्षा महत्त्वाची. आमच्या धंद्याचा सीझन मे-जून-जुलै. तेव्हा तहान लागली तरी पाणी प्यायला सवड नसते. नोव्हेंबरपासून मात्र शटर लवकर ओढलं तरी बायकोशिवाय कुणी बोलत नाही. प्रत्येक संघाला अठरा सामने, त्यातले नऊ घरच्या मैदानावर, आणि पहिले चार उपांत्य फेरीत. नऊ संध्याकाळी. मी हिशेब केला आणि हो म्हणालो.

पहिली मॅच २२ नोव्हेंबरला, दिल्लीशी. बुधवार होता. आठची मॅच, म्हणजे साडेसहाला निघून विद्यापीठ चौकात अर्धा तास उभं राहायचं आणि बाणेर रोडने रखडत हायवेपर्यंत जायचं. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसलं तरी खेळाडू आणि आपल्यामध्ये एक अख्खी गल्ली असते. भाचा म्हणाला, ‘शाहू स्टेडियमवर शिवी दिली की खेळाडूला ऐकू जाती.’ २-३ अशी हरलो. परतताना गाडीवर तो एक शब्द बोलला नाही, आणि मला वाटलं, झालं, पैसे पाण्यात.

चार दिवसांनी त्याच संघाने कोलकात्यात जाऊन तिथल्या एटीके संघाला ४-१ ने मारलं. ते मी घरी टीव्हीवर पाहिलं, उभं राहून.

आणि मग २९ नोव्हेंबर, घरच्या मैदानावर मुंबई. पुण्या-मुंबईचं काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. पंधरा मिनिटं होतात न होतात तोच मुंबईने गोल केला, आणि केला कुणी, तर बलवंत सिंगने. अप्पा बळवंत चौकातल्या माणसाच्या नशिबात हेही होतं. तासभर आम्ही मागे. मग पेनल्टी मिळाली, एमिलियानो अल्फारोने ती घातली. हा उरुग्वेचा माणूस, शांत, भांडवलदारासारखा चालणारा. ९० मिनिटं संपली, वरचा वेळ सुरू झाला, लोक पार्किंगकडे सरकायला लागले आणि अल्फारोने दुसरा घातला. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, पन्नाशीचा असावा, अगदी आपल्यातला. गळ्यातून सुटल्यावर आम्ही दोघंही जरा ओशाळलो. पुण्यात एवढी जवळीक लग्नकार्यातही होत नाही. मफलर त्या रात्री गेटबाहेर घेतला.

त्या वर्षीचे प्रशिक्षक रान्को पोपोविच, सर्बियाचे. तोंडाने फटकळ. रेफरींबद्दल बोलले म्हणून त्यांच्यावर सामन्यांची बंदी आली. मला ते फार आवडले. आमच्या चौकातही अशी माणसं असतात, माल चोख आणि जीभ तिखट. आघाडीला ब्राझीलचा मार्सेलिन्हो, आदल्या वर्षी दिल्लीकडून सर्वाधिक गोल केलेला. डावीकडून आशिक कुरुनियन धावायचा, वीस वर्षांचा पोरगा. गोलात विशाल कैथ. ३० डिसेंबरला शनिवारी नॉर्थईस्ट युनायटेडला ५-० ने हरवलं, त्यात मार्सेलिन्होची हॅट्ट्रिक. बालेवाडीला हायवेवरून येणारा वारा डिसेंबरात हाडात शिरतो, पण त्या रात्री मफलर गळ्यात नव्हताच, हातात फिरत होता.

सगळं असंच चाललं असं नाही. केरळचा संघ आला की आपल्याच घरात आपण पाहुणे. खडकी-पिंपरी-चिंचवडमधली सगळी मल्याळी मंडळी पिवळी होऊन यायची, आणि खरं सांगतो, त्यांना गाणी पाठ होती, आम्हाला नव्हती. त्या मॅचला त्यांच्या विनीतने शेवटच्या क्षणी गोल मारून आम्हाला १-२ ने हरवलं. गोव्याने तर बालेवाडीत येऊन चार घातले, आम्ही शून्य. घरी वाईट आणि बाहेर चांगला, असा संघ होता तो. माझी बायको म्हणाली, ‘पुरुषांचंच आहे ना, मग असंच असणार.’

तरी अठरा सामन्यांत नऊ विजय, तीन बरोबऱ्या, ३० गुण, चौथा नंबर. पुणे सिटी पहिल्यांदाच उपांत्य फेरीत. समोर बंगळूर, त्यांचे ४० गुण. सामने दोन, आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज.

७ मार्चला बालेवाडीत ०-०. दहावीची परीक्षा सुरू होती, दुकानात प्रश्नसंचांना गर्दी, आणि मी सहाला शटर ओढलं. वडील असते तर त्यांनी मला दुकानातच कोंडलं असतं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की स्टेडियम भरल्याचा आवाज ट्रॅक ओलांडून आत पोचतोय.

११ मार्चला रविवारी बंगळूरला दुसरा सामना. घरात सोफ्यावर भाचा, मी आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, जे केवळ आमचा आवाज ऐकून आले होते. बंगळूरच्या सुनील छेत्रीने पंधराव्या मिनिटाला पहिला घातला. पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टीवर दुसरा. भाचा उठून पाणी प्यायला गेला. ८२ व्या मिनिटाला आमच्या जोनातन लुक्काने फ्रीकिक मारली, आणि ती आत गेली. १-२. एक गोल, फक्त एक.

तुम्ही मला विचारता ना, एका सीझनचं एवढं काय घेऊन बसलात? तर त्या फ्रीकिकनंतरची सात मिनिटं घेऊन बसलोय. पोस्टमास्तर, ज्यांना ऑफसाइड काय ते ठाऊक नव्हतं, ते सोफ्याच्या कडेवर येऊन बसले होते. भाचा, जो चार महिने ‘तुमची टीम, तुमची टीम’ म्हणत होता, तो ओरडला, ‘आपला थ्रो हाय, टाक की लवकर!’ आपला. मी तेवढ्या गडबडीतही ते ऐकलं.

८९ व्या मिनिटाला छेत्रीने तिसरा घातला.

आठवड्याने अंतिम सामन्यात बंगळूर त्यांच्याच मैदानावर चेन्नईकडून ३-२ ने हरलं. मी त्या दिवशी चितळ्यांकडून अर्धा किलो आंबाबर्फी आणली. मनाचा कोतेपणा म्हणा हवं तर.

पुढचा सीझन सांगण्यासारखा नाही. प्रशिक्षक बदलले, नंबर सातवा आला. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की पुढच्या वर्षी पुण्याची टीम नसेल, तिच्या जागी हैदराबादची असेल. मालकांचं पैशाचं गणित फिसकटलं होतं. या लीगमध्ये तेव्हा दरवर्षी कोट्यवधींची फ्रँचायझी फी भरावी लागायची, खेळाडूंचे पगार वेगळे, आणि तिकिटांतून येणारा पैसा त्यापुढे चिल्लर. तेव्हा शेवटचा नंबर आला तरी संघ खालच्या लीगमध्ये जात नसे. तो नुसताच दुसऱ्या गावाला जायचा. कागदोपत्री हैदराबाद हा नवा क्लब, पण बरेचसे खेळाडू आमचेच. दुकानाची पाटी बदलली, गाळा बदलला, आतला माल तोच.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. माझ्या आधी बालेवाडीला जाणाऱ्यांनी हेच भोगलेलं. पुणे एफसी हा आमच्याहून वेगळा, जुना क्लब. आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये आल्या वर्षीच तो तिसरा आला, २०१२-१३ ला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी तिथे खेळता खेळता भारताचा नागरिक झाला. तो क्लब २०१५ ला बंद. त्याच वर्षी भारत एफसी एकच आय-लीग खेळून, शेवटचा नंबर घेऊन बंद. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन खेळली आणि २०१७ ला थांबली. मग आमची, २०१९ ला. पाच वर्षांत एका शहरातले चार क्लब. एवढ्या वेगाने तर आमच्या चौकात चहाच्या टपऱ्याही बदलत नाहीत.

भाच्याचं म्हणणं तेव्हा मला कळलं. तालमीला मालक नसतो. पाटाकडील तालमीचे पैसे संपले तर मंडळी वर्गणी काढतील, शिव्या देतील, आपसांत भांडतील, पण ती उचलून सोलापूरला नेणं कुणाच्या हातात नाही. आमच्या टीमवर आमचा हक्क होता तो तिकिटापुरता, तोही गेटवर फाडून उरलेल्या अर्ध्या भागाचा.

मात्र मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, हेही नोंदवून ठेवतो. तालमीत तुम्ही जन्मता. मी पन्नाशीच्या आसपास, बुधवारी, ट्रॅफिकमधून, स्वतःहून गेलो होतो. गळ्यात पडलेला तो गंधवाला माणूस माझ्या पेठेतला नव्हता, निगडीहून आला होता. पेठेच्या टीमने आम्हा दोघांना कधी शेजारी बसवलं नसतं.

हैदराबाद पहिल्या वर्षी तळाला होती. २०२२ च्या मार्चमध्ये तिने गोव्यात, फातोर्ड्याला, केरळला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून करंडक जिंकला. त्या संघात निखिल पुजारी होता, आमच्या शेवटच्या सीझनला बालेवाडीत धावलेला. मी घरी एकटाच बघत होतो. टाळी वाजवली. मग वाटलं, कुणासाठी? तो संघही आता हैदराबादचा राहिला नाही. २०२५ ला तो क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. म्हणजे मी बालेवाडीत पहिल्यांदा ज्या गावाकडून हरलो, त्याच गावी.

भाचा शिकून नोकरीला लागला, पण एप्रिल-मे आला की कोल्हापूरला पळतो. एका वर्षी मलाही ओढून नेलं, ऐन धंद्याच्या दिवसांत. शाहू स्टेडियम, फायनल, ऊन डोक्यावर, बसायला दगडी पायऱ्या. खेळाडू खरोखर हाकेच्या अंतरावर आणि शिव्या खरोखर ऐकू जात होत्या. शेजारी एक म्हातारा, डोक्याला तालमीच्या रंगाचा रुमाल. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुमी कुणाचं?’

म्हटलं, ‘पुण्याचा.’

‘पुण्याचं म्हंजे, कुठल्या टीमचं?’

म्हटलं, ‘होती एक.’

त्याने माझ्याकडे जरा बघितलं, मग पायरीवर सरकून जागा केली आणि शेंगांची पुडी पुढे धरली.