माझा अनुभव: पोस्ट ओक नाही, मग नाशिकमध्ये मांस कशावर स्मोक करायचं?

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहत होते तेव्हा लाकडाचा विचार कधी करावाच लागला नाही. मध्य टेक्सासात मांस स्मोक करायचं, म्हणजे लाकडाच्या धुरात मंद आचेवर शिजवायचं, तर ते पोस्ट ओक या ओक झाडाच्या लाकडावरच, हे तिथल्या लोकांनी केव्हाच ठरवून टाकलेलं. वाळवलेलं, फोडलेलं लाकूड दुकानात मिळायचं. दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात मेस्किट, पूर्वेकडच्या राज्यांत हिकरी, कोंबडीला सफरचंद किंवा पीकन. एवढं माहीत असलं की भागायचं. नाशिकला कायमचं परतल्यावर यातलं एकही झाड आसपास नव्हतं. हिकरीच्या चिप्स ऑनलाइन मिळतात, पण त्या कोळशाच्या आचेला जरा वास देण्यापुरत्या. मला बोकडाचा खांदा निव्वळ लाकडाच्या जाळावर, तासन्‌तास शिजवायचा होता. त्याला भरपूर लाकूड लागतं आणि ते इथलंच असायला हवं.

स्मोकर, म्हणजे मांस धुरात शिजवायची भट्टी, नाशिकमधल्याच अंबडच्या एका फॅब्रिकेटरने सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा बनवून दिला. गॅल्व्हनाइज्ड पत्रा कुठेही नको, हा एकच आग्रह मी धरला, कारण तो तापला की जस्ताचा विषारी धूर निघतो. ते काम पटकन झालं. खरी शोधाशोध लाकडाची.

वखारीतले काका म्हणाले, “ताई, आंबा न्या. होमाला चालतो, तर जेवणाला का नाही चालणार?” म्हणणं चुकीचं नव्हतं, वाळलेल्या आंब्यावर कितीतरी घरांत स्वयंपाक झालेला आहे. पण आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. आंब्याच्या चिकात कातडीला झोंबणारी द्रव्यं असतात. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही वेलही त्याच कुळातली, आणि ती कधीही जाळू नका, तिचा धूर छातीत गेला तर जिवावर बेतेल, असं तिथे बजावून सांगतात. माझ्या नवऱ्याचे ओठ दर उन्हाळ्यात आंब्याच्या चिकाने सुजतात. त्यामुळे आमच्या घरापुरता आंबा बाद.

वखारीतला ढीग बहुतेक वेळा ‘मिक्स’ असतो: सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ, मध्येच मोडक्या खिडकीची चौकट, प्लायवूडचा तुकडा. अंघोळीचं पाणी तापवायला ठीक, पण ज्या धुरात अन्न शिजणार त्यात रंग, पॉलिश किंवा प्लायचा डिंक अजिबात नको. म्हणून मी नियम केला: साल शाबूत असलेले ओंडकेच घ्यायचे. साल दिसली की झाड ओळखता येतं, आणि ते कुणाच्या दारा-खिडकीतून आलेलं नाही हेही कळतं. आणखी एक गोष्ट: आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आणि शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. चिंच आणि जांभूळ मी वादळात पडलेल्या फांद्यांचंच घेते.

कोणतं लाकूड का चालतं, हे आधी समजून घेतलं. लाकडाला घट्टपणा देणारं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायकोल आणि सिरिंगोल ही द्रव्यं तयार होतात. स्मोक केलेल्या मांसाचा जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः त्यांचा. गोडसरपणा आणि तपकिरी रंग येतो लाकडातल्याच सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या घटकांमधून. रुंद पानांच्या झाडांतून हे सगळं मिळतं. चीड-देवदारासारख्या झाडांत राळ भरपूर, त्यामुळे काजळी धरते आणि चव कडवट होते. पॅकिंगची खोकी आणि पॅलेट बऱ्याचदा चिडाचे असतात, तेही म्हणूनच बाद. म्हणजे मला हवं होतं घट्ट, राळ नसलेलं, पूर्ण वाळलेलं लाकूड. पोस्ट ओकचे गुण हेच. नाव वेगळं असलं तरी चालणार होतं.

या सगळ्या शोधात सर्वांत मोठा आनंद वेड्या बाभळीने दिला. मेस्किट हे प्रोसोपिस प्रजातीचं झाड, आणि आपल्याकडच्या पडीक माळावर, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळही प्रोसोपिसच. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात शेतकरी ती बांधावरून काढून टाकायला टपलेले असतात. “न्या की, उपकार होतील,” असंच मला सांगितलं गेलं. टेक्सासात पैसे मोजून घेतलेल्या लाकडाचं सख्खं भावंड इथे फुकट! स्वभावही तोच: आच कडक, धूर तिखट. लांब चालणाऱ्या मटणाला फक्त तिचाच धूर दिला तर चव उग्र होते, म्हणून मी आधी तिचे निखारे पाडते आणि धुरासाठी दुसरं लाकूड ठेवते. झटपट भाजायच्या चापांना मात्र तिचा थेट जाळ फार छान लागतो. काटे जबरदस्त, जाड तळाचे बूट आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये.

देशी बाभूळही आचेला उत्तम. पण तिच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य इतकं की चामडं कमवायला ती वापरतात. साल काढून जाळली तर धूर सौम्य होतो.

नाशिकचं म्हटल्यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं: द्राक्ष. द्राक्षाच्या काड्यांवर भाजणं फ्रान्समध्ये नावाजलेलं आहे, त्यामुळे मीही उत्साहात होते. निफाडकडचे मामा म्हणाले, “उन्हाळ्यातली खरड छाटणी झाली की ट्रॅक्टरभर काड्या पडतात, उचलून ने.” मी बागेत बसून त्यांच्याकडून वर्षभराच्या फवारण्या ऐकल्या. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद, गंधक, आंतरप्रवाही बुरशीनाशकं, आणि फळासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावलेलं हायड्रोजन सायनामाइड. बाजारात जाणाऱ्या फळासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेलं अंतर पाळतात, फळात उरणाऱ्या औषधाच्या मर्यादा असतात. काडी जाळून तिच्या धुरात कुणी जेवण शिजवेल, असं धरून कुठलाच हिशोब केलेला नसतो. आंतरप्रवाही औषध सालीच्या आत जातं, म्हणजे साल सोलूनही उपयोग नाही. मामांना हे पटलं, आणि त्यांनीच परसातल्या मांडवावरचा जुना, कधीच न फवारलेला वेल दाखवला. तेवढ्याच काड्या मी वापरते. धूर हलका, गोडसर, कोंबडीवर सुरेख. सटाणा-मालेगावकडचं डाळिंबही मी याच कारणाने टाळते, कारण तेल्या रोगामुळे तिथेही फवारण्या अटळ असतात.

त्यानंतर लाकूड बघताना “कोणतं झाड?” याच्याइतकाच “कुठं उभं होतं, काय मारलं होतं?” हा प्रश्न मी विचारू लागले. उत्तर देणारी माणसं शेतातच भेटतात, वखारीत नाही.

सर्वांत उपयोगी सल्ला पेठ तालुक्यातून आमच्याकडे येणाऱ्या मावशींचा. त्यांचा जन्म चुलीपुढे गेलेला. “शेवगा, सावर घालू नका, नुसता धूर. कडुनिंबानं डोळे चुरचुरतात. कण्हेर तर चुलीच्या जवळपासही नको.” कण्हेर सर्वांगी विषारी; तिच्या बाबतीत प्रयोगच नाही. बोर आणि धावडा यांचं मात्र त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, आणि बोर मलाही फार आवडली. उन्हाळ्यात बांधावरच्या बोरींची छाटणी होते तेव्हा घट्ट, लालसर लाकूड मिळतं. निखारे दीर्घकाळ टिकतात, धूर शांत.

धुरासाठी माझी पहिली पसंती आज पेरूला. हवाईत मांस स्मोक करायला पेरू वापरतात हे माहीत होतं. इथे परसातल्या झाडाच्या फांद्या सहज मिळतात. जांभूळ त्याच कुळातलं, थोडं जड चवीचं, मटणाला जास्त शोभतं. निलगिरीही त्याच कुळातली. ऑस्ट्रेलियात त्या जातीतली रेड गम आणि आयर्नबार्क ही लाकडं आवडीने वापरतात, पण आपल्याकडच्या निलगिरीचा औषधी वास मला मांसात नको वाटला. कूळ पाहून सुरुवात करावी, निकाल मात्र नाकावर सोडावा.

नाकाची परीक्षा अशी घेते. नवं लाकूड आधी एकटंच पेटवायचं, मोकळ्या हवेत, मांस न ठेवता. जाळ नीट लागल्यावर धूर पातळ, निळसर व्हायला हवा. पांढरा दाट लोटच येत राहिला तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते. मग धुराच्या कडेला उभं राहून वास घ्यायचा: डोळे झोंबले, घशात खवखव झाली, तर ते लाकूड तिथेच संपलं. पास झालं तर अर्धा बटाटा आणि पनीरचा तुकडा तासभर ठेवायचा. दोन्हींना स्वतःची चव कमी, त्यामुळे धुराची चव लपत नाही. त्यानंतर कोंबडीची तंगडी, आणि सगळ्यात शेवटी महागाचा खांदा.

वाळवण्याला पर्याय नाही. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. तो मोजायचा स्वस्त मीटर मिळतो, फोडलेल्या ताज्या बाजूला टोचून बघायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज आला पाहिजे. नाशिकचा एप्रिल-मे यासाठी उत्तम. पण जूनपासून हवा इतकी दमट होते की उघड्यावरचं लाकूड पुन्हा ओलावा धरतं आणि सालीखाली बुरशी येते. बुरशी लागलेलं मी जाळत नाही. वरून पत्रा, खाली विटा, चारी बाजू मोकळ्या, अशी मांडणी केली आहे. ताडपत्रीने गुंडाळलं तर आत घाम धरतो.

बोकडाच्या खांद्याला चरबी कमी, म्हणून ११० ते १२० अंश सेल्सिअसवर आधी उघडा ठेवते आणि रंग धरला की कागदात गुंडाळते. आत ९५ अंशांच्या आसपास पोचला की हाड हाताने सुटतं. मीठ, मिरे आणि थोडा आपला काळा मसाला, बस. आचेला बाभूळ किंवा बोर, धुराला पेरू, आणि पेरू संपला तर जांभूळ. धावड्याचे काही ओंडके पत्र्याखाली वाळत ठेवलेत. मीटर अजून २६ दाखवतोय, त्यामुळे त्यांची पाळी पुढच्या उन्हाळ्यात.