बदाम सातपासून हुकमापर्यंत

पत्त्यांनी मुलांचं गणित सुधारतं, असं सरसकट म्हटलं जातं. पण बेरीज तर सापशिडीतही होते. पत्त्यांत मूल शिकतं ते हे: समोरच्याच्या हातात काय असेल, हे आपल्या हातावरून आणि पडलेल्या पानांवरून ताडायचं.

सुरुवात बदाम सातनं, म्हणजे प्रत्येक रंगात सत्तीपासून वर-खाली ओळीनं पानं लावत जायच्या खेळानं करा, पण पूर्ण कॅट (52 पानांचा जोड) नको. लहान हातात तेरा पानं मावत नाहीत. चारही रंगांची (इस्पिक, बदाम, किलवर, चौकट) फक्त चार ते दहा ही पानं काढा. 28 पानं होतात, चौघांना सात-सात येतात आणि सत्ती बरोबर मधोमध राहते. पहिले दोन डाव पानं उघडी मांडून खेळा, म्हणजे पान रोखून दुसऱ्याची वाट अडवणं डोळ्यांना दिसतं. समजा, किलवर सत्ती पडली आहे. मुलीकडे किलवर अठ्ठी, नव्वी आणि इस्पिकचं एकच पान, सत्ती. अठ्ठी टाकली तर तिच्याच नव्वीला वाट होते. इस्पिक सत्ती टाकली तर फक्त इतरांना. हे तिला सांगू नका. डाव संपल्यावर विचारा, "अठ्ठी आधी का टाकलीस?" उत्तर द्यायला लागलं की मूल पुढच्या डावात थांबून विचार करतं.

या खेळानंतर पानं ओळीनं लागलेली असतात आणि मुलांचं पिसणं कच्चं असतं, त्यामुळे एकाच्याच हाती सलग पानं जातात. मग रडारड. पानं जमिनीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी चांगली कालवा.

पुढची पायरी पाच-तीन-दोन. यात प्रत्येकानं एकेक पान टाकलं की एक हात होतो, आणि तिघांना अनुक्रमे पाच, तीन आणि दोन हात जिंकायचे असतात. तिघे खेळाडू, एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी ते अठ्ठी, शिवाय इस्पिक आणि बदाम सत्ती, अशी 30 पानं. आधी पाच-पाच वाटायची, त्यावर पाच हात करायचे असणाऱ्यानं हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, बोलायचा. इस्पिक हुकूम असेल तर हुकमाची पानं आठ. माझ्याकडे तीन, दोन पडली, म्हणजे बाहेर तीन. ही वजाबाकी प्रत्येक हाताला नव्यानं करावी लागते, तीही मनात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हातात चालू रंगाचं (म्हणजे इस्पिक, बदाम वगैरेंपैकी त्या प्रकारचं) पान असूनही दुसऱ्याच रंगाचं टाकणं. ती लबाडी समजून मुलाला रागावू नका. बदाम आणि चौकट शेजारी लावले की लालात लाल पान लपतं. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असा काळा-लाल क्रम लावायला शिकवा. चूक बरीच कमी होते.

गुणांचा तक्ता मुलांनाच लिहू द्या. पैसे मात्र लावायचे नाहीत, गंमत म्हणूनही नाही.