खिशात मावणारं वाद्य: डुलुथ आणि हिबिंगची चक्कर

मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला मी आणि आमच्या बँडचा कीबोर्डवाला असे दोघंच मिनियापोलिसहून निघालो, आय-३५ धरून सरळ वर, अडीच तासात डुलुथ. बँड म्हणजे फार काही नाही हो, पाच जण, सगळे नोकरीवाले, मंडळाचा गणपती, दिवाळी, कधी शिकागो कधी मिलवॉकी, दोन मिनीव्हॅन आणि मागे सामान. मी माउथ ऑर्गन वाजवतो आणि स्वतः लिहिलेली गाणी गातो (माउथ ऑर्गनला टाळ्या पडतात, गाणी लोक सहन करतात). अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा मुलूख बघायचा हा प्लॅन माझा, तो आला लेक सुपिरियरचे मासे खायला.

डुलुथला चढावर डिलनचं पहिलं घर आहे. जन्म २४ मे १९४१, सहाएक वर्षांचा होईपर्यंत मुक्काम इथेच. साधं लाकडी घर, रस्त्यावरूनच बघितलं आणि निघालो. मला बघायची होती ती खाली लंडन रोडवरची जुनी आर्मरी, म्हणजे एकेकाळचं लष्करी शस्त्रागार. ३१ जानेवारी १९५९ ला रॉक अँड रोलवाला बडी हॉली इथे वाजवून गेला आणि ऐकणाऱ्यांत १७ वर्षांचा डिलन होता, अगदी स्टेजजवळ. पण मला त्या शोपेक्षा त्या दौऱ्याचीच गोष्ट जास्त छळते. भर थंडीत जवळपास रोज नवं गाव, बसचा हीटर बंद, डुलुथहून निघाले आणि त्याच रात्री विस्कॉन्सिनच्या हद्दीत बस मध्येच गचकली, ड्रमरच्या पायांना फ्रॉस्टबाइट होऊन तो हॉस्पिटलात. शेवटी बसला वैतागून हॉलीने छोटं विमान भाड्याने घेतलं आणि ३ फेब्रुवारीच्या पहाटे ते आयोवात कोसळलं. तरी दौरा थांबला नाही! त्याच दिवशी मूरहेडच्या शोला हॉलीच्या जागी शेजारच्या फार्गोतल्या एका १५ वर्षांच्या पोराला उभं केलं, बॉबी व्ही.

आम्ही आर्मरीसमोर उभे होतो तेव्हा तळ्यावरून असं काही गार वारं येत होतं की मे महिना आहे हे कुणी सांगून पटलं नसतं. मी उगाच सी पट्टीचा हार्प (आम्ही माउथ ऑर्गनला हार्प म्हणतो) काढून दोन सूर लावायला गेलो तर आत वाफ धरून चार नंबरचं भोक गप्पच. मग मुठीत धरून ऊब दिली. काखेत पण चालतो, फक्त नंतर कुणी वाजवायला मागत नाही.

पुढे हिबिंग, डिलन वाढला ते गाव, सव्वाशेएक किलोमीटर, दोन्हीकडे झाडी आणि मधेच लोखंडाच्या खाणींचे लाल ढिगारे. वाटेत कीबोर्डवाल्याला मी मुद्दाम पुढची गोष्ट सांगितली. त्याच १९५९ च्या उन्हाळ्यात डिलन फार्गोला जाऊन ह्याच बॉबी व्हीच्या बँडमध्ये घुसला होता, एल्स्टन गन असं नाव लावून (स्पेलिंगात शेवटी तीन एन, काय हौस). पियानो वाजवायचा. एकदोन शो झाले आणि संपलं, कारण बँडकडे स्वतःचा पियानो नव्हता, घ्यायला पैसे नव्हते, आणि न्यायचा कसा? कीबोर्डवाला दहा मिनिटं काही बोलला नाही.

हिबिंग गाव मला वाटलं त्याच्यापेक्षा कितीतरी इंटरेस्टिंग निघालं. गावाखालीच लोखंड सापडलं म्हणून १९१९ पासून पुढे घरं, दुकानं उचलून, ओंडक्यांवरून ढकलत दक्षिणेला नेली. जुन्या गावाच्या जागी आता खड्डा आहे, पाचेक किलोमीटर लांब, वरून बघताना तळातले भलेमोठे डंपर खेळण्यातले वाटतात. आणि अमेरिकेतली ग्रेहाउंड बस सुरू झाली तीही इथूनच, १९१४ साली, कार्ल विकमन नावाच्या स्वीडिश माणसाने न खपलेल्या सात सीटच्या हपमोबिल गाडीतून खाणकामगारांना दोन मैल न्यायला सुरुवात केली, १५ सेंट तिकीट. त्याचं म्युझियम आहे, जुन्या बसेस आहेत. आपल्याकडे तमाशाचे फड ट्रकमधून आणि ऑर्केस्ट्रावाले टेम्पोतून गावोगाव फिरले, त्यामुळे मला ते बघताना शाळेपेक्षा जास्त मजा आली. शाळा म्हणजे हिबिंग हायस्कूल, खाण कंपन्यांच्या करातून १९२० च्या दशकात जवळपास ४० लाख डॉलर खर्चून बांधलेली, आत थिएटरात काचेची झुंबरं. तिथेच डिलनने पोरांचा बँड घेऊन इतका गोंगाट केला की माइक बंद करावा लागला म्हणे. सुट्टी होती, दार बंद, झुंबरं राहिली.

पुढचं सगळं आमच्या ट्रिपच्या बाहेरचं, पण रात्री मोटेलवर आम्ही तेच बोलत बसलो. जानेवारी १९६१ मध्ये हा न्यूयॉर्कला पोचला तेव्हा पियानो सुटलेला, खांद्यावर गिटार, गळ्यात हार्पचा रॅक. आणि पोटापाण्याला सुरुवातीला कामी आला तो हार्पच, 'कॅफे वा' नावाच्या ठिकाणी दुपारी दुसऱ्यांच्या मागे वाजवायचा. त्याच वर्षी गायिका कॅरोलिन हेस्टरच्या रेकॉर्डिंगला हार्पवाला म्हणून गेला, तिथे निर्माता जॉन हॅमंडच्या नजरेत भरला आणि काही आठवड्यांत कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा करार हातात. वाजवायच्या बाबतीत खरं सांगू, तो बहुतेक वेळा ज्या पट्टीत गाणं त्याच पट्टीचा हार्प घेतो, ब्लूजवाले घेतात तसा दुसऱ्या पट्टीचा नाही, सूर वाकवणं वगैरे बेताचंच. आपल्या आरडींचा माउथ ऑर्गन ऐकलेल्या कानाला ते कच्चं वाटणार. पण त्याचा हार्प शब्दांमधल्या श्वासासारखा येतो, ते मला अजून जमत नाही.

१९६५ ला तो हॉक्स ह्या टोरांटोच्या तयार बँडला घेऊन निघाला, तर गावोगाव हुर्यो, लोकगीतांच्या चाहत्यांना त्याची इलेक्ट्रिक गिटार रुचली नाही. ड्रमर लेवन हेल्म दोन-तीन महिन्यांतच कंटाळून घरी गेला. बाकीचे १९६६ मध्ये ऑस्ट्रेलिया, युरोप करत शिव्या खात वाजवत राहिले. आणि १९८८ पासून डिलनने जो दौरा धरलाय तो ऐंशी पार झाल्यावरही चालूच, फक्त कोविडमध्ये थांबला तेवढाच.

कीबोर्डवाला म्हणाला, "आपण मिलवॉकीहून येताना पाठ धरली म्हणून तू तीन दिवस रजा टाकलेलीस ना रे?"

टाकली होती. परतताना रॉचेस्टरच्या प्रोग्रामचा मेसेज आला, शनिवारी कुणाच्या गाडीत किती जागा. त्याने लिहिलं, कीबोर्ड, स्टँड, अँप, मधली सीट काढावी लागेल. मी लिहिलं, मला जॅकेट घालून यायला सांगा फक्त.

त्याने परत डुलुथपर्यंत गाणी लावू दिली नाहीत.