राजगडावर गेलात, तर संजीवनी चुकवू नका

गुंजवण्यातून पहाटे चढायला लागलो. शेवटचा खडकाळ टप्पा रेलिंगला धरून पार केला, चोर दरवाजातून वाकून आत शिरलो, आणि वर येतो तो समोर धुक्यात निवांत पडलेलं पद्मावती तळं!

हा मूळचा मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजी महाराजांनी तो बांधून काढला आणि रायगडाच्या आधी जवळजवळ पाव शतक स्वराज्याचा कारभार इथून चालला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. जे १२ उरले, त्यांत राजगड होता. पुढच्याच वर्षी आग्र्याहून सुटून महाराज आले तेही इथेच. पद्मावतीच्या देवळासमोर सईबाईंची समाधी आहे. १६५९ मध्ये त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. तिथे मी बराच वेळ बसून राहिले. मोठ्या लढायांपेक्षा आईवेगळं झालेलं ते पोर जास्त आठवत राहिलं.

बालेकिल्ल्याची चढण उभी आहे, पण खोबण्या चांगल्या आहेत. सुवेळा ही गडाची एक माची, म्हणजे डोंगराची तटबंदी घातलेली सोंड. तिथल्या नेढ्यात, म्हणजे खडकातल्या आरपार भोकात, वारा अंगावर घेत सगळे फोटो काढतात. मीही काढले. बहुतेक जण इथूनच परत फिरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण संजीवनी अजून बाकी असते. तीन टप्प्यांत उतरत गेलेली, सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ही माची. इथली तटबंदी दुहेरी: बाहेर एक भिंत, आत दुसरी, मधून माणूस दिसणार नाही अशी खोल, अरुंद वाट. आतल्या तटातून काळोखे जिने या वाटेत उतरतात. शत्रूनं बाहेरचा तट ओलांडलाच, तर तो या चिंचोळ्या खंदकात सापडणार आणि डोक्यावर आतला तट! दगडावर हात ठेवून मी हे सगळं मनात घडताना पाहिलं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, राजगडासह १२ किल्ले जागतिक वारशात आले, तेव्हा मला पहिली आठवण या भिंतींचीच झाली होती.

माचीवरून समोर तोरणा दिसतो. अळू दरवाजातून दोन पोरं धापा टाकत वर आली, रात्री तोरण्यावर मुक्काम करून निघालेली. "ताई, पाणी आहे का?" अर्धी बाटली होती, ती दिली; सोबत लिमलेटच्या गोळ्या. मग तिघंही तटाच्या सावलीत बसलो.