बाबांचं पाणी, आमची भट्टी

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबांपासून भाता चालत आला. वखराच्या पासा, म्हणजे जमिनीत फिरणारी त्याची लोखंडी पाती, डवरे, विळे, कुऱ्हाडी. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून 2009 साली त्याच जागेवर शेड टाकलं. कर्ज, वीजजोडणी, पॉवर हॅमर हे सगळं हळूहळू जमलं. पण धंदा खरा शिकवला तो 2011 च्या मृगाआधीच्या एका खेपेनं.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून चाळीस पासा केल्या होत्या. गिऱ्हाइकांची घाई होती. मी पासा पांढरट पिवळ्या होईस्तोवर तापवल्या आणि अख्ख्याच्या अख्ख्या पाण्यात बुडवल्या. कानस लावली तर घसरत होती, म्हणजे धार कडक झाली असं मी धरून चाललो. आठवड्याभरात दोन शेतकरी दोन-दोन तुकडे घेऊन दारात उभे. बाबांनी तुकडा उन्हात धरला. मोडलेल्या जागी साखरेसारखे जाड दाणे चमकत होते. "लोखंडाले पानी पाजलं तू, पन त्याचा ताव काऊन नाई उतरवला?" एवढंच बोलले.

चाळीसही पासा परत घेतल्या, ऐन हंगामात बदलून दिल्या. मग रात्री डिप्लोमाची वही उघडली. लोह-कार्बन आकृती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पोलादाचा कार्बन 0.8 टक्के असेल तर 727 अंशांना त्याची रचना बदलते, हे लिहिता येत होतं. हातात मात्र आलं नव्हतं. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं, कार्बन साधारण 0.55 टक्के. ते तेलातही कडक होतं. पाण्यात एकदम थंड झालं की मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक पण ठिसूळ रचना, बनताना आतून ताण येतो, तडा जातो. शिवाय मी जास्त तापवल्यानं दाणा फुगला होता.

बाबा फक्त धार पाण्यात टेकवत. पाठीतली उष्णता परत धारेकडे सरकू देत, घासलेल्या धातूवर पिवळा, तपकिरी, मग जांभळा रंग चढताना बघत आणि जांभळा दिसला की बुडवत. वहीतलं टेम्परिंग, म्हणजे कडक पोलादाचा ठिसूळपणा उतरवायला दिलेली बेताची उष्णता, ते हेच. त्यांच्या जांभळ्याचं तापमान 280 अंशांच्या आसपास.

आज आमच्याकडे विजेची भट्टी आहे. पास 870 अंशांना तापवतो, तेलात टाकतो, मग 450 ला तास-दीड तास ठेवतो. कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर ती 45 च्या जवळपास येते. काळ्या मातीतल्या दगडावर आदळली तरी सहसा तुटत नाही. वीज गेली की भात्यावरच काम होतं. तेव्हा लोहचुंबक लावून बघतो: 770 च्या वर पोलाद त्याला चिकटत नाही. चिकटेनासं झालं की थोडा आणखी ताव.

उन्हाळ्यात पॉलिटेक्निकची पोरं येतात. त्यांना आधी ग्राइंडरवर तीन तुकडे देतो. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, फुलं थोडी. पाट्याच्या ठिणग्यांना दाट फुलं. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आखूड, लालसर. भंगारातला माल असाच ओळखावा लागतो, कारण त्यावर शिक्का नसतो. नायकुंडचंही सांगतो. नागपूर जिल्ह्यातल्या त्या गावी लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी उत्खननात सापडली. आपल्या मुलखाचं हे काम किती जुनं, ते पोरांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शेवटी 2011 ची ती मोडलेली पास खुंटीवरून काढतो. ती हातोहात फिरते, आणि पोरं दाणे बघायला ती उन्हात नेतात.