साठ तासांत प्लेन टेबल बसेना

बाहेरच्यांना वाटतं, अभ्यासक्रम ठरवायला बसलेली माणसं मुलांनी काय शिकावं यावर वाद घालतात. घालतो ना, चहा येईपर्यंत. मग कार्यभार, म्हणजे कुणाला शिकवायचे किती तास, हा विषय निघतो. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात 15 तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30. म्हणून जो तो प्रॅक्टिकल मागतो. तास वाढले तर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एखादीची नोकरी टिकते. 2023-24 पासून स्वायत्त महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि हे गणित आम्हाला तोंडपाठ झालं.

आमच्या भूगोल अभ्यास मंडळापुढे दुसऱ्या वर्षाचं सर्वेक्षणाचं प्रॅक्टिकल होतं. दोन क्रेडिट, 60 तास. त्यात टोपोशीट म्हणजे भूभागाचे सविस्तर नकाशे, प्रिझमॅटिक होकायंत्र, मोजणीची साखळी, तिपाईवरच्या फळीवर जागेवरच नकाशा काढायचं प्लेन टेबल, शिवाय संगणकावर नकाशे करायचं क्यूजीआयएस कोंबायचं. मंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी नि एक माजी विद्यार्थी असावा लागतो. बहुतेकदा ते सही करून जेवायला थांबतात. या वेळी दोघंही बोलले.

उद्योगवाले म्हणाले, "प्लेन टेबल आता कपाटात ठेवा, मॅडम." त्यांचं अगदीच खोटं नाही. 2021 मध्ये नकाशांवरचे निर्बंध सैल झाले, क्यूजीआयएस फुकट मिळतं, नोकऱ्याही तिकडेच आहेत.

पण प्लेन टेबल मी जीव लावून शिकवते. फळी पातळीत येता येत नाही, वाऱ्याने कागद फडफडतो. तरी मुलगी एका ठाण्यावरून, म्हणजे फळी मांडलेल्या जागेवरून, अलिडेडने, म्हणजे नेम धरायच्या पट्टीने, समोरच्या आंब्याकडे रेषा मारते, दुसऱ्या ठाण्यावरून दुसरी, आणि दोन्ही छेदतात तिथे कागदावर आंबा उभा राहतो. नकाशा शेतातच पुरा होतो, चूक झाली तर तिथेच डोळ्यांसमोर दिसते. संगणकावर चुकलेला बिंदूसुद्धा देखणा दिसतो.

मग आमची माजी विद्यार्थिनी बोलली. ती भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. "मॅडम, उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर सेंटिमीटरात बिंदू देतो, पण हद्द कुठली हे त्याला काय माहीत? ती मोजणीच्या जुन्या टिपणात, म्हणजे नोंदींच्या कागदात, 33 फुटी साखळीच्या आकड्यांत. खुणेचा दगड कुणीतरी उपटलेला, बांध सरकलेला, दोघे भाऊ माझ्या तोंडाकडे बघत उभे. आधीच्यांनी कसं मोजलं हे कळल्याशिवाय मी खूण कुठे करू?"

"मग खात्यानेच शिकवावं की," एक सहकारी म्हणाले. सगळे हसले. यांच्या बॅचसाठी कपाटातली साखळी कधी बाहेर निघालेली मी पाहिलेली नाही.

निकाल लागला तो तिसऱ्याच कारणाने. प्रयोगशाळेत संगणक कमी, म्हणून बॅच जास्त; बॅच जास्त, म्हणून तास जास्त. क्यूजीआयएसला 40 तास दिले की कार्यभार आपोआप वाढतो. टोपोशीट नि होकायंत्राला 14, प्लेन टेबलला सहा, साखळी गेली. सहा तासांत तर फळी पातळीत आणणंही जमत नाही. पण निष्पत्तीच्या रकान्यात 'विद्यार्थी स्वतंत्रपणे सर्वेक्षण करू शकेल' असं छापलंय. अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या विद्या परिषदेत कुणी पान उलटलं नाही.

मी विरोध नोंदवला नाही. आमच्याकडे तासिका तत्त्वावर जी मुलगी आहे, तिचं पुढचं वर्ष त्या 40 तासांवर उभं आहे, आणि तिचे तास वाचल्याचा आनंद मला खरोखर झाला. पण भूकरमापक मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. पगार मोजणीवर घेणारी ती एकटीच तिथे होती, आणि तिच्या म्हणण्याला इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' एवढीच जागा मिळाली.

निघताना ती म्हणाली, "टिपण वाचायला सुट्टीच्या दिवशी मी शिकवते, मॅडम. मुलं तेवढी द्या." फील्ड प्रोजेक्टच्या दोन क्रेडिटांत ते बसवायचं माझ्या मनात आहे. परीक्षा विभाग विचारतो, गुण कोण देणार, आणि तिच्या कार्यालयाचं पत्र आहे का. पत्रासाठी अर्ज केला आहे.